पहिली .२२ रायफल मुलीच्या आजच्या मापाची घ्या

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी आठ वर्षांची आहे, तिला नेमबाजी शिकायची आहे आणि तुम्हाला तिच्यासाठी पहिली .२२ रायफल (साधारण ०.२२ इंच जाडीची गोळी झाडणारी) निवडायची आहे. घरात तुमची स्वतःची सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर गोळीनंतर आपोआप भरणारी, रायफल आहे. तीच तिला द्यावी, की पुढे दहा वर्षं चालेल अशी पूर्ण मापाची बोल्ट रायफल (दर गोळीला मागचा दांडा, म्हणजे बोल्ट, हाताने ओढून भरायची) घ्यावी? आणि स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, लावावा का?

आधी उत्तर सांगतो. एका वेळी एकच काडतूस घेणारी, आखूड दस्त्याची (दस्ता म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग), हलकी बोल्ट अ‍ॅक्शन रायफल घ्या आणि तिच्यावर साधी पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची सोय) असू द्या. सेमी-ऑटो अजून काही वर्षं तुमच्याच हातात राहू द्या. आणि कपडे घेतो तशी वाढत्या अंगाची रायफल घेऊ नका. मोठा सदरा बाह्या दुमडून घालता येतो, मोठी रायफल दुमडता येत नाही. ती मुलीला चुकीचं उभं राहायला शिकवते आणि ती सवय पुढे मोडायला फार जड जाते.

खरेदीच्या आधी दोन गोष्टी बघा. पहिली कायद्याची. मुलांनी कोणत्या वयापासून, कोणाच्या देखरेखीखाली आणि कुठे रायफल चालवायची, याचे नियम देशागणिक फार वेगळे आहेत. रायफल कागदोपत्री आणि प्रत्यक्षातही तुमचीच असणार, मुलीची नाही. ती तुमच्या समोर, तुमच्या परवानगीने वापरेल, एवढंच. ‘तुझी रायफल’ हा शब्दसुद्धा मी पालकांना टाळायला सांगतो, कारण जी वस्तू आपली, ती हवी तेव्हा काढायचा हक्कही आपला, असं मुलांना वाटतं आणि त्यात त्यांची चूक नसते.

दुसरी गोष्ट मुलीच्या तयारीची. वय हा त्याचा चांगला मापदंड नाही. मी तीन गोष्टी बघतो. ‘थांब’ म्हटल्यावर ती त्याच क्षणी थांबते का, की हातातलं पुरं करून थांबते? एकच नियम दहाव्यांदा सांगितला तरी न चिडता पाळते का? आणि चूक झाली की आपणहून सांगते का? तिसरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ‘बाबा, माझं बोट ट्रिगरवर गेलं होतं’ असं न विचारता सांगणारी मुलगी शिकवायला योग्य. चूक लपवणारं मूल हुशार असलं तरी त्याला थोडं थांबवावं. शंका वाटली तर एअर रायफलपासून सुरुवात करा. त्यातही नेम, श्वास, ट्रिगर सगळं शिकता येतं. फक्त स्प्रिंगची एअर रायफल ताणायला लहान हातांचा जोर पुरत नाही, ते काम मोठ्यांनी करायचं.

आता .२२ का, हे थोडक्यात. .२२ हे रिमफायर काडतूस आहे. अशा काडतुसात ठिणगी देणारं मिश्रण बुडाच्या काठात भरलेलं असतं आणि फायरिंग पिन त्या काठावर आपटते. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आलेलं आहे. गोळी साधारण २.६ ग्रॅमची, धक्का जवळजवळ नाहीच. ऑलिंपिकमधला ५० मीटर रायफलचा प्रकारही याच काडतुसावर होतो. पॅरिस २०२४ मध्ये स्वप्निल कुसाळेने थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, आडवं आणि उभं राहून नेम धरायच्या प्रकारात) कांस्यपदक मिळवलं ते .२२ वरच. मुलाला दुखत नाही, दचकवत नाही, म्हणून शिकायला याच्यासारखं दुसरं काडतूस नाही. पण धक्का कमी आहे म्हणून धोका कमी आहे असं समजू नका. ही गोळी जीव घेते, आणि वर तिरकी सुटली तर मैलभराच्याही पलीकडे जाऊ शकते.

मापाकडे वळू, कारण खरा निर्णय इथे होतो. ट्रिगरपासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतच्या अंतराला लेंथ ऑफ पुल म्हणतात. मोठ्यांच्या बहुतेक रायफलींत ते १३.५ ते १४ इंच असतं. लहान मुलांसाठी बनवलेल्या रायफलींत ११ ते १२ इंच. हा दोन-अडीच इंचांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण आठ वर्षांच्या मुलीच्या हाताच्या लांबीशी ताडून बघा, म्हणजे कळेल.

ढोबळ माप असं घेतात: कोपर काटकोनात दुमडायचं, दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या खळग्यात टेकवायचं आणि तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात पोचतं का ते बघायचं. दुकानात चाळणी लावायला हे ठीक आहे, पण त्यावर निर्णय घेऊ नका. खरी परीक्षा रायफल खांद्याला लावल्यावर होते. रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करा, बोल्ट उघडून चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, बघा, बोट घालून चाचपा, आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवा. मग मुलीला टेबलाशी बसवा, रायफलीचा पुढचा भाग उशीवर किंवा वाळूच्या पिशवीवर टेकवा. तिला डोळे मिटायला सांगा, दस्ता खांद्याच्या खळगीत घ्यायला आणि गाल दस्त्यावर टेकवायला सांगा. आता डोळे उघडायला सांगा. मान न हलवता तिला साइट सरळ दिसली, तर रायफल तिच्या मापाची आहे. ती मान पुढे ताणते, हनुवटी वर उचलते, डोकं आडवं करते, तर नाही.

त्यानंतर बाजूला उभे राहून तिच्याकडे बघा. दस्ता लांब असला की तो खांद्याच्या खळगीतून निसटून दंडावर जातो. पुढचा हात रायफलीखाली जायच्या ऐवजी ताठ होऊन पुढे पसरतो. उभी असेल तर पाठ मागे कलते आणि पोट पुढे येतं, कारण पुढचं वजन तोलायला शरीराला दुसरा उपाय नसतो. ही तीन लक्षणं कुठल्याही रेंजवर मोठी रायफल धरलेल्या लहान मुलांत दिसतात. मोठ्यांना वाटतं मूल अजून शिकतंय, म्हणून असं उभं आहे. मूल कितीही शिकलं तरी त्या रायफलीशी तसंच उभं राहणार.

वजनाबद्दल दोन टोकांची मतं ऐकायला मिळतात. जड रायफल स्थिर राहते, हे खरं आहे. पण ती धरता आली तर. सुरुवातीचे महिने टेकू घेऊनच नेमबाजी होणार आहे, तेव्हा एकूण वजनापेक्षा तोल कुठे आहे हे जास्त बघा. नळी आखूड आणि तोल ट्रिगरच्या जवळ असेल तर दोन किलोची रायफलही चालते. नळी लांब आणि जाड असेल तर तेवढ्याच वजनाची रायफल नाकावर आपटल्यासारखी खाली जाते.

वजनाचा विचार ट्रिगरपासून तोडून करता येत नाही, आणि ही गोष्ट खरेदी करताना जवळजवळ कोणीच बघत नाही. सव्वा किलोची रायफल आहे आणि ट्रिगर ओढायला अडीच किलोचा जोर लागतो, असं धरा. ट्रिगर सुटायच्या आधी रायफलच हलणार. मुलगी सगळं बरोबर करत असते, तरी गोळी बाजूला जाते. मग ती ट्रिगर झटका देऊन ओढायला शिकते, कारण झटक्याने निदान लवकर सुटतो. तिची बोटं बघा: अंगठा आणि बाकीची तीन बोटं पांढरी पडेपर्यंत दस्ता आवळत असतील, तर ट्रिगर तिच्यासाठी जड आहे. सव्वा ते दीड किलोच्या आसपास, कुठे न अडखळता सुटणारा ट्रिगर मला या वयाला योग्य वाटतो. त्याहून हलका करायच्या मोहात पडू नका. आणि कमी-जास्त करायचाच असेल तर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे किंवा जाणकार कारागिराकडून. घरी स्प्रिंग कापून नाही.

आता सेमी-ऑटो का नको. रुगर १०/२२ सारख्या रायफली १९६४ पासून लोक वापरताहेत, त्यांत काही खोट नाही. अडचण अशी की गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप चेंबरमध्ये येतं. आणि नेमका त्याच क्षणी मुलगी आनंदाने वळून तुमच्याकडे बघते: ‘लागली!’ पहिल्यांदा मध्यभागी भोक पडल्यावर न वळलेलं मूल मी पाहिलेलं नाही. एकेरी बोल्ट रायफल असेल तर त्या क्षणी तिच्यात रिकामं काडतूस असतं. सेमी-ऑटो असेल तर भरलेलं. बाकी सगळे युक्तिवाद बाजूला ठेवले तरी मला एवढा फरक पुरतो.

एकेरी रायफलीचा दुसरा फायदा शिकण्याचा आहे. प्रत्येक गोळीसाठी बोल्ट उघडायचा, काडतूस हाताने ठेवायचं, बोल्ट बंद करायचा. यात लय येते, श्वास खाली बसतो, आणि काडतूस तुम्ही हातात द्याल तेव्हाच पुढची गोळी सुटते. सुरुवातीला मी काडतुसं स्वतःजवळ ठेवतो आणि एकेक देतो.

लिव्हर अ‍ॅक्शन, म्हणजे ट्रिगरखालचा दांडा खालीवर करून भरायची रायफल, मुलांना दिसायला फार आवडते. पण उघडा हॅमर (पिनवर आपटणारा घोडा) अंगठ्याने हळूच खाली सोडायचं काम लहान अंगठ्याचं नाही. नळीखाली लांब ट्यूब मॅगझिन (काडतुसं साठवायची नळी) असलेल्या रायफलीही नकोत. ट्यूबमध्ये एखादं काडतूस अडकून राहिलं तर बाहेरून कळत नाही.

एकेरी बोल्ट रायफलींतही दोन तऱ्हा आहेत. काहींत बोल्ट बंद केल्यावर मागचं बटण वेगळं ओढून रायफल कॉक करावी, म्हणजे गोळी झाडायला सज्ज करावी लागते. कीस्टोन कंपनीची ‘क्रिकेट’ नावाची रायफल या जातीची. बटण ओढेपर्यंत ट्रिगर दाबला तरी काही होत नाही, म्हणून अनेकांना हीच पसंत. पण ते बटण तिच्या बोटांना ओढवतं का, हे तिच्याच हाताने करून बघा. बोटं घामेजली की ते निसटतं, आणि ओढायच्या धडपडीत नळी भलतीकडे फिरते. दुसऱ्या तऱ्हेत बोल्ट उचलतानाच रायफल कॉक होते. सॅव्हेज कंपनीची रास्कल अशी आहे: वजन साधारण १.२ किलो, दस्ता ११ इंचांच्या थोडा वर, पीप साइट बसवलेलीच आणि ट्रिगरचा जोर कमी-जास्त करता येतो. तुमच्या वर्णनावरून मी तुमच्या मुलीसाठी हिच्याकडे झुकेन. मुलगी अंगापिंडाने थोडी मोठी असेल तर सीझेड कंपनीची ४५७ स्काउटही बघा. तिचा दस्ता १२ इंचांचा आहे, मॅगझिनच्या जागी एकेरी अ‍ॅडॅप्टर बसतो, आणि पुढे त्याच अ‍ॅक्शनला (बोल्ट-ट्रिगरच्या यंत्रणेला) मोठा दस्ता लावता येतो. जड आहे, पण बांधणी वेगळ्याच दर्जाची.

मॉडेल ठरवायच्या आधी तिचा डोळा तपासा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवायला सांगा, त्यातून तुमच्या नाकाकडे बघायला सांगा. फटीत तुम्हाला तिचा जो डोळा दिसेल तो तिचा प्रमुख डोळा. उजव्या हाताने लिहिणारी मुलगी डाव्या डोळ्याची असू शकते. तसं निघालं तर डाव्या खांद्यावरून शिकवा. हात नवी सवय लवकर उचलतो, डोळा ऐकत नाही. डाव्या बोल्टची मॉडेलंही मिळतात.

स्कोप आत्ता नको. स्कोपमधून पूर्ण चित्र दिसायला डोळा ठरावीक अंतरावर लागतो, आणि लहान मुलं ते चित्र शोधत मान पुढेमागे करत राहतात. गाल एका जागी टेकायची जी सवय लावायची, नेमकी तीच मोडते. शिवाय हलक्या रायफलीवर स्कोपचं वजन वर चढतं. पीप साइटमध्ये भोकातून बघायचं, पुढची साइट स्पष्ट आणि टार्गेट थोडं धूसर. आठ वर्षांच्या मुलीला हे लवकर समजतं. जाड चष्मा असेल आणि पुढची साइट दिसतच नसेल तर हलकी रेड डॉट (नेमाला लाल ठिपका दाखवणारी साइट) लावायला माझी हरकत नाही.

कानांकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात, कारण .२२ चा आवाज मोठ्यांना फारसा वाटत नाही. पण रायफलीतून तो साधारण १४० डेसिबलपर्यंत जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी क्षणिक आवाजाची मर्यादा १२० सांगितली आहे. म्हणून आत इअरप्लग आणि वर इअरमफ, दोन्ही. मफ पातळ कडांचा घ्या. जाड मफ गाल टेकवताना दस्त्याला लागतो आणि कानावरून उचलला जातो. आवाज आत शिरतो, आणि काही गोळ्यांनंतर मूल ट्रिगर ओढण्याच्या आधीच डोळे मिटू लागतं. पालकांना वाटतं ते रायफलीला घाबरलं. ते आवाजाला घाबरलेलं असतं, आणि ती भीती एकदा बसली की काढायला महिने जातात. चष्मा तिच्या चेहऱ्याच्या मापाचा, तुम्हालाही एक.

काडतूस स्टँडर्ड व्हेलॉसिटीचं घ्या, सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाचं. ते आवाजाच्या वेगाच्या खाली राहतं, त्यामुळे गोळीचा वेगळा तडाखा ऐकू येत नाही. एकेरी रायफलीला याहून वेगवान काडतुसाची गरजच नाही. गोळी शिशाची आणि प्रायमरमध्येही (ठिणगी देणाऱ्या मिश्रणात) शिसं, त्यामुळे रेंजवर खाणं-पिणं नाही, तोंडात बोट नाही, निघताना साबणाने हात-तोंड धुवायचं आणि घरी गेल्यावर कपडे बदलायचे. मुलांच्या रक्तात शिशाचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानलेलं नाही. शक्य असेल तर उघड्यावरची रेंज निवडा. मागे उंच मातीचा बांध असलेली जागाच हवी. पाणी, दगड, कडक जमीन यांवरून .२२ ची मऊ गोळी फार उसळते.

एक गोष्ट पहिल्या दिवसाच्या आधीच शिकवून ठेवा. सेंटरफायरपेक्षा (ठिणगीचं मिश्रण बुडाच्या मध्यभागी असलेल्या काडतुसांपेक्षा) रिमफायरमध्ये न फुटणारी काडतुसं जास्त निघतात, कारण ते मिश्रण काठात सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच असं नाही. ट्रिगर ओढला, नुसतं ‘टिक’ झालं, की मूल काय करतं? रायफल घेऊन तुमच्याकडे वळतं: ‘हे बघा, उडालीच नाही.’ ते काडतूस क्षणभर उशिराही फुटू शकतं. म्हणून रिकाम्या रायफलीवर सराव करून घ्या: ‘टिक’ झालं की रायफल टार्गेटकडेच, बोट बाहेर, दुसरा हात वर. मग तुम्ही रायफल ताब्यात घ्या, निदान ३० सेकंद तशीच धरा, आणि मगच बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला आणि टार्गेटवर भोक नाही, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. बोल्ट काढून नळीतून आरपार बघितल्याशिवाय पुढचं काडतूस नाही. आणि हा सराव करताना रिकाम्या चेंबरवर ट्रिगर मारत बसू नका. अनेक रिमफायर रायफलींत पिन चेंबरच्या कडेवर आपटून ती कड दबते. तुमच्या मॉडेलला चालतं का ते पुस्तिकेत बघा.

रायफल घरी कुठे राहणार, हे ठरल्याशिवाय ती विकत घेऊ नका, ही माझी हात जोडून विनंती. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात पाच वर्षांच्या मुलाच्या हातून, त्याला भेट म्हणून मिळालेल्या .२२ रायफलीची गोळी सुटली आणि त्याची दोन वर्षांची बहीण गेली. रायफल घराच्या कोपऱ्यात उभी केलेली होती, आत काडतूस राहिल्याचं कोणाला माहीत नव्हतं. यातला प्रत्येक दुवा मोठ्यांच्या हातातला होता. रायफल कुलूपबंद कपाटात, बोल्ट काढून, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली तुमच्या अंगावर. ‘तिला माहीत नाही कुठे ठेवलीय’ यावर विसंबू नका. घरातली प्रत्येक लपवायची जागा मुलांना माहीत असते. आणि रेंजवरून निघताना चेंबर तुम्ही बघा, मग तिला बघू द्या, मग परत तुम्ही.

जुनी रायफल मिळत असेल तर जरूर बघा, एकेरी .२२ सहसा झिजत नाहीत. चेंबरची कड दबलेली नाही ना, सेफ्टी लावल्यावर ट्रिगर खरोखर अडतो ना, कॉक केलेली रिकामी रायफल रबराच्या हातोडीने ठोकल्यावर पिन सुटत नाही ना, हे बंदूक दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. पूर्ण मापाची जुनी रायफल स्वस्तात मिळाली तर तिचा लाकडी दस्ता कापून आखूड करता येतो. कापलेला तुकडा जपून ठेवा, पुढे तोच परत जोडता येईल.

पहिल्या काही वेळा १० ते १५ मीटरवर मोठं कागदी टार्गेट लावा आणि पंचवीस-तीस गोळ्यांत आवरा. ती अजून मागत असतानाच थांबा. दोन-तीन वर्षांत ११ इंचांचा दस्ता तिला तोकडा पडेल. डोळे मिटून-उघडून बघण्याची तीच परीक्षा दर सहा महिन्यांनी घ्या, म्हणजे वेळेत कळेल. ही रायफल मग धाकट्या भावंडाला किंवा कायद्याने चालत असेल तर दुसऱ्या कुटुंबाला देता येते. आणि घरातली सेमी-ऑटो? गोळी टार्गेटच्या मध्यभागी लागली तरी नळी टार्गेटकडे ठेवूनच मुलगी तुमच्याशी बोलायला लागली, आणि हे तुम्हाला सांगावं लागेनासं झालं, की मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून सुरुवात करा. दस्ता तिच्या मापाचा करून घ्या, तोही आधी.